एकच जागा होती तेव्हा

मी एक जुनी शर्यतीची मोटरसायकल आहे. मला ब्रेक नाही. तुटलेला नाही, मुळात लावलेलाच नाही. मातीच्या गोल ट्रॅकवर आम्ही सगळ्या बिनब्रेकच्याच पळतो, तेव्हा माझी कीव करू नका.

नागपुरातल्या एका गॅरेजात मला जोडलं आणि कुहीच्या रुपरावांनी मला घरी नेलं. धान कापून झालं की कडक वाळलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ते मला गोल गोल पळवत. वळणावर मागचं चाक घसरू द्यायचं आणि डावा पाय जमिनीला टेकवायचा, हे आम्ही दोघं तिथेच शिकलो. एकदा चिखल वाळण्याआधीच उतरलो आणि दोघंही शेताच्या कडेच्या धुऱ्यावर आपटलो. सगळं गाव पोट धरधरून हसलं.

मित्रांनो, त्या काळी अख्ख्या मध्य भारतातून एकच स्वार देशाच्या फायनलला जाई. निवडीची शर्यतही वर्षातून एकच. रुपराव एकदा पहिले आले आणि फायनल खेळले. पुढे चार वर्षं ते दुसरे आले आणि दरवेळी आम्ही टेम्पोत बसून घरी परतलो. आता त्याच निवडीतून चौघं जातात.

सध्या मी नागपूरच्या नंदनवन भागातल्या त्यांच्या घरी, पोर्चमध्ये असते. गेल्या रविवारी आमच्या शर्यतीच्या क्लबचे सचिव शरच्चंद्र आले. क्लबच्या भिंतीवर मोठ्या स्वारांच्या नावांच्या पितळी पाट्या लागतात. रुपरावांचं नाव कुणीतरी सुचवलं होतं.

"रुपरावजी, नियमात तीन फायनल पाहिजे. तुमची एकच आहे," ते म्हणाले.

"जाऊ द्या ना जी," रुपराव म्हणाले. मला असा राग आला! पण टाकीत थेंबभर पेट्रोल नव्हतं.

त्यांची लेक रोशनी मात्र गप्प बसली नाही. ती आजची स्वार, तिची पाटी भिंतीवर आहे.

"काहून जाऊ द्यायचं, बाबा? काका, मी तिन्ही वेळा निवडीत चौथी आली, तरी फायनलले गेली. बाबा दुसरे येऊन घरी बसले. त्यायचं नाव बसत नसन, तर माझं काहून बसलं?"

"नियम मी नाही केला, बेटा," म्हणत शरच्चंद्र अर्धा चहा ठेवून उठले.

मित्रांनो, कुणाच्या फायनल मोजायच्या तर खुशाल मोजा. पण तेव्हा जागा किती होत्या, तेही त्याच दमात विचारा. आमच्या त्या चार दुसऱ्या नंबरांना मी हार म्हणत नाही आणि म्हणणारही नाही.

काल रोशनी क्लबातून आली, ती हातात स्वतःची पाटी घेऊनच. तिने ती माझ्या सीटवर ठेवली.

"हे काहून काढून आणली वं?" रुपरावांनी विचारलं.

"तुमची लागन, तवाच हे लागन."