मामूंची कविता परत करताना

शिरूरला सुषमाताईंचं छोटंसं प्रकाशन होतं. तिथं तहमीना इंटर्न म्हणून लागली, तेव्हा तिला वाटलं होतं, कविता निवडायला काय लागतं? चांगली ठेवायची, वाईट बाजूला सारायची. नव्या कवींचा संग्रह निघायचा होता आणि टेबलावर ही चळत.

पहिल्याच दिवशी तिनं जड शब्दांची एक कविता ताईंपुढे ठेवली.

"तुला कळली?" ताईंनी विचारलं.

"नाही. पण भारी वाटली."

ताई खळखळून हसल्या. "मलाही नाही कळली. असं कर, मोठ्यानं वाच, मग कागद पालथा घाल आणि चहा पी. नंतर काय आठवतं ते सांग."

त्या कवितेतलं काही म्हणता काही आठवलं नाही. केंदूरच्या कुणा ज्ञानेश्वरीनं लिहिलेली, शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकत एकटीच जेवणारी म्हातारी मात्र दुपारभर डोळ्यांपुढून हलेना. तहमीनाला हे गणित आवडलं. चहा मात्र फार व्हायला लागला.

मग एका सकाळी चळतीत ओळखीचं अक्षर निघालं. 'प्रेमज्वाला', कवी मुजीब, भांडगाव. तिचे मुजीबमामू! हायवेलगत त्यांचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. लग्नात शेर ऐकवल्याशिवाय ताटावर न बसणारे. लहानपणी तिला स्कूटरवर पुढं उभी करून कविता पाठ करून घेणारेही तेच.

तिनं वाचली. शमा, गुलाब, चंद्र, पुन्हा गुलाब. मध्येच एक वेगळी ओळ. तिनं कागद पालथा घातला, चहा प्यायली, आणि ताईंकडे गेली.

"ही तुम्हीच बघा. माझे मामू आहेत."

"घेण्यासारखी आहे?"

"नाही," ती हळूच म्हणाली.

"मग फोनही तूच कर. तुझ्याकडून ऐकलेलं त्यांना बरं वाटेल."

तिनं धीर करून फोन लावला. "मामू, तुमची कविता परत करतेय."

पलीकडची खटखट थांबली. "व्हय? लई वाईट हाय का गं?"

"गुलाब, चंद्र सगळे कुठंतरी ऐकल्यासारखे वाटतात. पण एक ओळ डोक्यातून जाईना. 'मोटार उघडली, तर आतून कुणाच्या विहिरीचा वास आला.'"

"आगं, ती तर मी खोडणार व्हतो! दुकानातलं कवितेत कशाला, म्हनून."

"तीच तेवढी तुमची आहे, मामू."

"आन् बाकीचं?"

खोटं बोलावं असं तिच्या फार मनात आलं. "बाकीचं लग्नात म्हणा. तिथं शोभतं."

मामू असे हसले, की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी दुसरी कविता धाडली. तिच्यात नुसत्या मोटारीच मोटारी. तीही परत गेली.

संग्रह निघाला त्या दिवशी मामू कडक इस्त्रीचा शर्ट घालून शिरूरला आले आणि पहिल्या रांगेत बसले. शेजारी बसलेल्या बापूसाहेब नावाच्या गृहस्थांनी विचारलं, "तुमची कविता हाय का यात?"

"न्हाई. दोनदा परत आली," मामू छाती पुढं काढून म्हणाले आणि पुस्तकं वाटणाऱ्या तहमीनाकडं बोट केलं. "ती पोरगी बघा. भाची हाय माझी. लई कडक वाचती. आता तिसरी लिवतोय."