गिऱ्हाईक म्हणेल ते नाव

वारज्यातल्या घरगुती उपकरणांच्या दुकानात नागोराव बावीस वर्षं उभे होते आणि त्यांचा एकच नियम होता. गिऱ्हाईक वस्तूचं जे नाव घेईल, तेच आपण घ्यायचं. गिऱ्हाईक ‘बॉस्क’ म्हणालं की नागोरावांचंही मशीन बॉस्क. चारचौघांत उच्चार सुधारला की माणूस कसा खाली बघतो, हे परभणीहून पुण्याला आल्यावर पहिल्या आठवड्यातच त्यांना कळलं होतं. स्वतःवरूनच.

नव्या मालकांना ते मान्य नव्हतं. मॅनेजर आमोदनं प्रत्येकाला उच्चारांचं कार्ड दिलं.

“काका, बॉस्क नाही, बॉश. मीले. आमचीच माणसं गिऱ्हाईक बनून येतात, मार्क देतात. तुम्ही दोनदा नापास आहात. आता झालात तर मार्केट यार्डजवळचं गोडाऊन.”

गोडाऊन म्हणजे दिवसभर फ्रिज उचलणं. नागोरावांच्या कमरेला पट्टा होता. डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलं होतं.

आठ दिवस मुलीनं, भाग्यश्रीनं, तालीम घेतली. शेवटी कार्डावरचं एकही नाव चुकेना.

“आता जर्मनीत जावई बघा, बाबा. बोलायची अडचण नाही.”

गुरुवारी दुपारी सुती साडीतल्या एक बाई आल्या, साठीच्या. “अहो, ते बॉस्क दाखवता का? भाचीला द्यायचंय.”

शेजारी टीव्ही बघणारं जोडपं फिस्सकन हसलं. बाईंनी पिशवीचा बंद उगाच सारखा केला. नागोरावांच्या जिभेवर ‘बॉश’ तयार होतं.

“या ना, ताई. बॉस्क इकडे आहे.”

त्यांनी अर्धा तास मशीन दाखवलं. बोअरच्या पाण्यानं काय होतं, कुठलं बटण कधीच दाबायचं नाही, सगळं सांगितलं. निघताना बाई थांबल्या.

“नाव असंच म्हणतात ना हो?”

“असंच, ताई.”

“नक्की?” त्यांनी पुन्हा विचारलं, जरा काकुळतीनंच.

“नक्की.”

शनिवारी आमोदनं मोबाइलवरून वाचून दाखवलं. “सौजन्य, दहापैकी दहा. शेरा, ‘इतक्या मानानं मला कुठल्याच दुकानात वागवलं नाही.’ उच्चार, शून्य.” त्यानं मान वर केली. “काका, त्यांनी दोनदा विचारलं होतं.”

“मला येतं हो. बॉश. मीले.”

“छान म्हणता,” आमोद म्हणाला आणि कार्ड परत घ्यायला त्यानं हात पुढे केला.

सोमवारी गोडाऊनमध्ये बजरंग हमालानं वॉशिंग मशीनचं खोकं एका बाजूनं उचललं. “काका, ह्ये बॉस्क कुठं लावायचं?”

नागोरावांनी पट्टा आवळला, वाकून दुसरं टोक धरलं.

“बॉस्क ना? तिकडे, भिंतीला.”