तीस नंबरचं दार

कार्ड दाखवून पाहिलं, बटण दाबून पाहिलं, शेवटी खांदा लावून पाहिला. सर्व्हर रूमचं दार हूं की चूं करेना. काचेपलीकडे माझी आई, मनकर्णाबाई, चार महिन्यांच्या सोनूला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती. नातवाला सांभाळायला ती वालूरहून आली आहे आणि रोज दुपारी त्याला माझ्याकडे दुधासाठी आणते. पोरगं बाटलीला तोंड लावत नाही. त्याची वेळ झाली होती आणि मी आत अडकले होते.

परभणीतल्या या खासगी इस्पितळाचं नेटवर्क मी सांभाळते. बाळंतपणाच्या रजेवरून परतले तर काम हे: इथल्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या यंत्रणा संभाजीनगरच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर हलवायच्या. सकाळी दाराची यंत्रणा हलवली. किल्लीचं कुलूप नव्याच्या कौतुकात केव्हाच काढून टाकलेलं, आतलं बटणही ठेकेदाराने त्याच यंत्रणेला जोडलेलं. अकलेचे तारे तोडायलाही काही मर्यादा असते.

झालं काय, ते लॅपटॉपवर दिसत होतं. आमचे बाबा मेंढरं राखतात. दोन मालकांचे कळप एकत्र चरायला निघाले की ते आपल्या मेंढ्यांच्या पाठीवर गेरूची खूण करतात. तसा इथे प्रत्येक निरोपावर नंबर असतो: नोंदणीचा दहा, वॉर्डाचा वीस, दाराचा तीस. सगळे निरोप संभाजीनगरहून एकाच गाडीत भरून येतात आणि इथला स्विच, म्हणजे निरोप वाटणारा डबा, नंबर बघून ज्याचे त्याला देतो. दाराच्या निरोपांवरचा नंबर तिकडे गाडीत भरतानाच पुसला जात होता. बिननंबरी निरोप म्हणजे कंपनीचे स्वतःचे, असा स्विचचा नियम. त्यामुळे 'दार उघड' हा हुकूम येत होता, पण भलत्याच ठिकाणी जाऊन पडत होता.

कंपनीला कळवलं. उत्तर आलं, संध्याकाळपर्यंत बघतो.

तेवढ्यात आमचे व्यवस्थापक सूर्यभानराव काचेपाशी आले. "घाबरू नका मॅडम. आत हायतच तर नोंदणीचं बी हलवून टाका तवर. आज उरकलं तर तुमची नोकरी पक्की करा म्हणून साहेबाला सांगतो."

सोनू रडायला लागला. माझा कुर्ता ओला झाला. मला रडू येत होतं आणि सूर्यभानरावांचं डोकं त्याच काचेवर आपटावं असंही वाटत होतं.

"बबे, लेकरू लय रडायलंय," आई म्हणाली. "तुला भाईर यायला कुनी आडवलंय?"

"दारानं, आई."

पावसात खूण धुऊन गेली तर बाबा डोकं खाजवत बसत नाहीत. बिनखुणेचं कोकरू मोकळं सोडतात. ते बरोबर आपल्या आईपाशी जातं. मी स्विचला सांगायची एक ओळ लिहिली: बिननंबरी येईल ते सगळं दाराचं. पण हे केलं की कंपनीचे स्वतःचे निरोपही दाराकडेच जाणार, म्हणजे कंपनीची स्विचवर यायची वाट बंद, नोंदणी हलवायचं काम बंद, आणि माझी पक्की नोकरीही गेली. बोट थांबलं. खोटं कशाला सांगू, बराच वेळ थांबलं. मग रडून रडून सोनूचा आवाज बसायला लागला आणि मी बटण दाबलं.

कार्ड दाखवलं. दार उघडलं.

बाहेर काढून ठेवलेली माझी चप्पल मी दारात अडकवली, उंबऱ्यावरच बसले आणि ओढणीखाली सोनूला घेतलं. तो हुंदके देत देत पिऊ लागला. सूर्यभानराव तोंड फिरवून उभे राहिले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"मॅडम, कंपनीवाले म्हनायलेत, त्यांना आपल्या स्विचवर येता यीना. पयल्यासारखं करून देता का?"

"देते की," मी म्हणाले. "दारातली चप्पल काढते. तुमी तेवढं आत जाऊन बसा."

सूर्यभानरावांनी दाराकडे पाहिलं, चपलेकडे पाहिलं. आत मात्र ते गेले नाहीत.