हादोंगवालीच्या अंगणातली साखळी

हादोंगवालीने कुत्री पाळली आहे, तीही अंगणात, साखळीला बांधून, असं ती महिनाभर सगळ्या गावाला सांगत होती. मी तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, त्यामुळे खरं काय ते मला ठाऊक होतं. मी गप्प होते, कारण मजा येत होती.

हादोंग हे तिचं माहेर. आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला माहेरच्या नावानेच ओळखतात. तिला इथे येऊन बावन्न वर्षं झाली तरी ती हादोंगवालीच, आणि मी सुनचांगवाली. गावात तिचा लौकिक आहे तो हाताच्या चवीमुळे आणि स्वच्छतेमुळे. हिवाळाभर आम्ही आठ-दहा म्हाताऱ्या गावच्या हॉलमध्ये पत्ते कुटत बसतो, तिथलं दुपारचं जेवण तिच्याकडे. गेल्या वर्षी माझी नात सेऊलहून आपलं चिमुकलं कुत्रं घेऊन आली. ते दोन मिनिटं हॉलमध्ये शिरलं, तर या बाईने मला सगळी जमीन तीनदा पुसायला लावली.

"कुत्र्याची जागा अंगणात," ती म्हणाली. "भाजीत केस निघाला तर नाव माझं जाईल, तुझं नाही."

मी पुसली. विसरले मात्र नाही.

मग टेकडीमागचा कुत्र्यांचा फार्म बंद झाला. मांसासाठी कुत्री पाळायची नाहीत असा कायदाच आला. खोटं कशाला बोलू, भर उन्हाळ्यातले जे तीन दिवस सगळ्यात कडक मानतात, त्या दिवसांत गावासाठी कुत्र्याचं सूप हादोंगवालीच शिजवायची. तिच्या नवऱ्याला ते फार आवडायचं, आणि आम्हीही वाटी पुढे करायचो. तर प्राणी वाचवणाऱ्या एका संस्थेची तरुण मंडळी कुत्री सोडवून पिंजऱ्यांतून घेऊन आली आणि ट्रकची वाट बघत हॉलसमोर थांबली. एक पिवळी कुत्री दार उघडलं तरी बाहेर येईना. जन्मभर तारेच्या जाळीवर उभी राहून तिचे पंजे फाकले होते आणि साध्या जमिनीची तिला भीती वाटत होती. हादोंगवाली तिच्यासमोर उकिडवी बसली आणि दुपारभर तिला रागावत राहिली.

"ये की गं भवाने. जमीन आहे ती, खात नाही तुला."

संध्याकाळी कुत्रीने एक पाय खाली ठेवला आणि बाईने तिला पाळायला घेण्याच्या कागदावर सही केली.

करारात अटी दोनच होत्या. साखळी नाही आणि झोपायला घरात. सहा महिने कोणीतरी न सांगता बघायला येणार. अट मोडलेली दिसली तर कुत्री कॅनडाला, तिथलं एक कुटुंब वाट बघत होतं. बाकीच्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण बाईचा चष्मा फुटलेला होता आणि कागद मीच वाचून दाखवला होता.

दोन दिवसांत तिच्या अंगणात लाकडी खोपट उभं राहिलं. आत पेंढा, बाहेर साखळी. पण पेंढ्यावर केस नाही, साखळीला गंज चढलेला, आणि तीन वर्षांपूर्वी नवरा गेलेली ही बाई बंद दाराआड रोज कोणाशी तरी तासन् तास बोलत असायची.

"थंडी वाढली गं," मी पत्ते वाटताना म्हणायचे. "गारठेल की तुझी कुत्री बाहेर."

"गारठू दे. कुत्रीच आहे," ती म्हणायची आणि हमखास चुकीचं पान टाकायची.

एका गुरुवारी संस्थेची चेरीन नावाची मुलगी हॉलच्या दारात येऊन उभी राहिली. तिला हादोंगवालीचं घर बघायचं होतं. आम्ही पत्ते टाकून सगळ्याच मागे निघालो. अशी संधी कोण सोडतं.

अंगणात चेरीन साखळीपाशी थांबली. "आजी, हे काय?"

हादोंगवालीने तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "ते... असंच."

"ती कुठे आहे?"

"आहे."

"कुठे?"

बाई खरं बोलली तर गावासमोर नाक कापलं जाणार, आणि भाजीतल्या केसाचं तिचंच बोलणं तिच्याच अंगावर येणार. गप्प राहिली तर कुत्री जाणार.

"आजी, मला वाईट वाटतंय," चेरीन हळूच म्हणाली, "पण मी तिला आजच घेऊन जाते." तिने गाडी बोलवायला फोन काढला.

माझी सगळी मजा तिथेच संपली. मी तोंड उघडलं, पण तोवर तिने पायरी चढून दार सताड उघडलं होतं.

आमच्या घरांत जमीन खालून तापते, आणि चुलीजवळचा सगळ्यात ऊबदार कोपरा घरातल्या थोरल्या माणसाचा. त्या कोपऱ्यात, नवऱ्याच्या गोधडीवर, पिवळी कुत्री पाय पसरून झोपली होती. हादोंगवालीचं स्वतःचं अंथरूण दाराशी होतं, जिथे जमीन जेमतेम कोमट असते.

"तिला थंडी सोसत नाही," हादोंगवाली आमच्याकडे न बघता म्हणाली. "किती कुत्री मी शिजवली, तुम्हाला माहीतच आहे. एकीला तरी निजू दे म्हटलं. उद्यापासून हॉलचं जेवण दुसरीने करा."

चेरीनने फोन खिशात ठेवला. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मी मुद्दाम करड्या आवाजात म्हणाले, "जेवण तूच करशील. पण आधी जमीन पुसायची. तीनदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरंच फडकं घेऊन हॉलमध्ये आली. एकदा पुसली, दोनदा पुसली, मी खुर्ची टाकून मोजत बसले. कुत्री उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत होती. तिसऱ्यांदा पुसून हादोंगवाली कमरेवर हात ठेवून उठली, तेवढ्यात कुत्रीने एक फाकलेला पंजा आत ठेवला, मग दुसरा, आणि कोणी न बोलावता ती चिखलाच्या पायांनी हॉलभर चालत गेली.

चौथ्यांदा जमीन मी पुसली.