भूत झालेल्या चादरीचं भय

मित्रांनो, आधी माझं गाऱ्हाणं ऐका, ओळख मागाहून करून घेऊ. आमचा जावई वेंडेल दिसायला गरीब गाय, पण कुणाचं ऐकेल तर शपथ. तोंडावर "हो आई, करतो आई" म्हणणार आणि पाठ वळली की आपलंच घोडं पुढं दामटणार. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही. भांडायला समोरच्यानं निदान एकदा तरी "नाही" म्हणावं लागतं. यंदाच्या ऑक्टोबरात त्याच्या त्या "हो आई"पायी मी जळता जळता वाचले. वाचले म्हणजे अर्धी वाचले. पण माझं काय घेऊन बसलात! माझ्यापेक्षा लाखमोलाचं लेकरू त्या दिवशी दारात उभं होतं.

मी एक जुनी चादर आहे. सुती, मोठ्या पलंगाची. पांढरी होते, असं म्हणायला हरकत नाही. माझा जन्म दूर दक्षिणेतल्या कापडगिरणीतला. विणीला इतकी घट्ट की अंगावर पाणी ओतलं तर ते दोन घटका विचार करूनच खाली उतरायचं. आजकालच्या चादरी पाहते मी. नखाला अडकल्या की संपल्या! वेंडेलची सासू लव्होन, तिच्या लग्नात तिच्या आईनं माझ्या काठावर निळ्या दोऱ्यानं वेल भरली आणि मला आयोवातल्या या घरी धाडलं. तेव्हापासून मी इथलीच.

लग्नाला महिना झाला नसेल, तोच लव्होननं तापलेली इस्त्री माझ्यावर ठेवली आणि फोन घ्यायला गेली. ती परत येईपर्यंत माझ्या कुशीवर तपकिरी डाग उमटला होता. विस्तव म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तो आधी गरम लागतो, मग छान लागतो आणि मग आपण उरत नाही. त्या दिवसापासून काडी ओढल्याचा आवाज आला तरी माझे दोरे आखडतात.

पण काम मी भरपूर केलं. त्यात मला कुणी बोल लावू नये. लव्होनची मुलगी जनेल माझ्यावरच रांगली, माझ्यावरच तापानं फणफणली. शाळा मी एकदाच पाहिली, तीही नाताळच्या नाटकात पडदा म्हणून, आणि तेवढ्या शिक्षणावर माझं सगळं निभावलं. पलंगाला नवी चादर आली तेव्हा मला बागेत बढती मिळाली. पहिलं गोठवणारं दंव पडणार असं कळलं की लव्होन मला टोमॅटोच्या झाडांवर पांघरायची. शेजाऱ्यांची झाडं सकाळी काळी पडलेली असायची आणि आमच्या टोमॅटोंचे गाल लाल!

आणि ऑक्टोबर संपताना, पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात त्या सणाला, मी भूत व्हायचे. जुने मोजे कोंबून माझं डोकं करायचे, सुतळीनं गळा बांधायचे आणि ओसरीच्या खांबातल्या आकड्याला मला टांगायचे. लव्होनचा दंडक एकच. "कात्री लावाल तर हात मोडून ठेवीन. डोळे कोळशानं काढा. नोव्हेंबरात ते धुऊन निघाले पाहिजेत, टोमॅटोला डोळस चादर लागत नाही." पोरं मला बघून किंचाळायची आणि पुन्हा पुन्हा बघायला यायची. खरं सांगते, मला ते आवडायचं.

मग लव्होनचा नवरा गेला. तिनं बागही सोडली आणि भुतंही सोडली. मी तळघरात एका टोपलीत पडून राहिले, वर्षानुवर्षं. कुबट वास अंगात मुरला. एकदा उंदरानं कोपरा चाखून पाहिला, त्यालाही मी आवडले नाही.

यंदा उन्हाळ्यात वेंडेलचा कारखाना बंद पडला. जनेल, वेंडेल आणि त्यांची आठ वर्षांची टिल्डा या घरी राहायला आली. जनेल वृद्धाश्रमात जादा पाळ्या करू लागली आणि वेंडेल घरात बसून उसासे टाकू लागला. त्यात समोर राहतो तो ड्वेन. त्यानं दारात हवेनं फुगणारं, घराएवढं भूत उभं केलं. शिवाय कुंपणापलीकडून विचारलं, "काय वेंडेल, यंदा काय, बिलांचीच तोरणं लावणार का?"

ड्वेनची जीभ तशीच आहे, मनात काही नसतं. पण वेंडेलच्या ते काळजाला झोंबलं. तो टिल्डाला म्हणाला, "बघ बेटा, एक पैसा न घालवता असं दार सजवतो की गाव थांबून बघेल."

आणि खोटं कशाला बोलू, सजवलं त्यानं! कापणी झालेल्या शेतातून मालकाला विचारून मक्याची वाळकी ताटं आणली आणि खांबांना भारे बांधले. मळ्यात टाकून दिलेले वेडेवाकडे भोपळे आणून त्यांना अशी तोंडं कोरली की वाकडेपणाच शोभून दिसावा. मक्याचा पाला विणून टिल्डाला बुजगावण्याचा झगा केला. तळघरातून मला काढून धुतलं आणि आकड्याला टांगलं. इतक्या वर्षांनी वारा अंगाला लागला, मित्रांनो! मी मनातल्या मनात जावयाला आशीर्वाददेखील देऊन टाकला. घाई झाली ती.

शेवटी त्यानं शाळेत खाऊ न्यायच्या तपकिरी कागदी पिशव्या घेतल्या, त्यांना नाकडोळे कातरले आणि पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी रांगेत मांडल्या. आत मेणबत्ती ठेवायची म्हणजे कागदाचा दिवा होतो. सणाच्या दिवशी जनेल पाळीवर होती आणि लव्होनला चर्चच्या स्वयंपाकघरात जायचं होतं. जाताना ती दारात थांबली.

"वेंडेल, पिशव्यांच्या तळाशी चार बोटं वाळू घाल. कोरडी."

"हो आई."

"आणि टिल्डे, झग्याच्या आत जाड जीन आणि कोट घाल."

"आजी, कोट घातलेलं बुजगावणं कुणी पाहिलंय का?"

"आयोवातलं प्रत्येक बुजगावणं कोट घालतं. घाल म्हटलं की घालायचं."

टिल्डानं गाल फुगवून कोट घातला. वेंडेलनं मात्र काय केलं? अंगणातली वाळू ओली निघाली. पहिल्या पिशवीचा तळ भिजून फाटला. दुसरीचाही फाटला. मग त्याची नजर मेपलच्या झाडाखाली गेली. तिथं पानांचा ढीग पडला होता. पिवळीजर्द, कुरकुरीत पानं. त्यानं मूठमूठ पाचोळा पिशव्यांत भरला आणि त्यावर टिनच्या वाटीतल्या मेणबत्त्या ठेवल्या.

माझे दोरे तिथंच आखडले.

"बाबा, आजीनं वाळू म्हटलं होतं ना?" टिल्डानं विचारलं.

"आजी येईपर्यंत सगळं आटोपलेलं असेल. आणि बघ तरी, पानांतून उजेड कसा सोन्यासारखा येतोय! फुकटचं सोनं आहे हे."

त्यानं काडी ओढली. एकेक पिशवी पेटलेल्या डोळ्यांनी बघू लागली. खाली पाचोळा, बाजूला मक्याचा वाळका भारा, भाऱ्याला टेकून मी, आणि त्या पायऱ्यांवरून वरखाली पळणारं ते पाल्याचं लेकरू. मित्रांनो, मी आजवर शेकडो पोरांना घाबरवलं असेल, पण भय म्हणजे काय ते मला त्या आकड्यावर लटकताना कळलं. ओरडावं तर तोंड कोळशाचं. धावावं तर गळ्याला सुतळी.

सहा वाजता पोरांच्या झुंडी सुरू झाल्या. आमच्या गावात चॉकलेट फुकट मिळत नाही, आधी विनोद सांगावा लागतो. टिल्डा टोपली घेऊन परीक्षकासारखी उभी होती. समुद्री चाच्याचं सोंग घेतलेला एक ठेंगू पोरगा पुढं आला.

"सांगाडा भांडणात का पडत नाही?"

"का?"

"त्याला काळीजच नसतं!"

"शिळा आहे," टिल्डा म्हणाली. "दहा जणांनी सांगितला. तरी एक घे."

ती वळली की झग्याचा घोळ पिशवीच्या कडेला सळसळत घासायचा. प्रत्येक वेळी मी डोळे मिटून घ्यायचे, म्हणजे मिटल्यासारखं करायचे. रस्त्यावरून जाणारे आईबाप थांबत होते, वाहवा करत होते. ड्वेनसुद्धा आला. "मान गए, वेंडेल! माझं भूत म्हणजे नुसता फुगा रे याच्यापुढं." वेंडेलची छाती इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वर आली. तो ड्वेनबरोबर गाडीजवळ उभा राहून, ताटं कशी बांधली ते सांगत बसला. पाठ पायऱ्यांकडं. मी मनात ओरडत होते, अरे वळ! मेल्या, एकदा मागं वळून बघ!

वाऱ्याची झुळूक आली. मोठी नव्हती. एरवी मी तिच्यावर झुलले असते. खालून दुसरी पिशवी कलंडली, मेणबत्ती पाचोळ्यात गेली. आधी धुराची एक बारीक रेघ निघाली. मग पिशवीचं हसरं तोंड आतून काळं झालं आणि भडकलं. टिल्डा खालच्या पायरीवर एका परीला चॉकलेट देत होती. तिला पायाशी ऊब लागली असेल. थंडीतली ऊब तिला छानच वाटली असेल, मला ठाऊक आहे ना! तिनं वाकून पाहिलं तेव्हा झग्याची किनार पेटली होती.

तिची किंकाळी ऐकून रस्त्यावरचे लोक हसले. त्या संध्याकाळी सगळेच किंचाळत होते.

बाप तेवढा हसला नाही. वेंडेल धावला. आधी त्यानं नुसत्या हातांनी पाला विझवायला पाहिला, पण पाल्यानं दाद दिली नाही. ज्वाळा कमरेपर्यंत आली. मग त्याची नजर माझ्यावर पडली. त्यानं मला असा हिसडा दिला की आकडा खांबातून निघाला आणि माझं मोज्यांचं डोकं टिल्डाच्या खांद्यावर आपटलं. त्यानं मला तिच्याभोवती गुंडाळलं, गच्च आवळलं आणि तिला घेऊन गवतावर लोळला.

उभा जन्म ज्याला भ्याले, त्याला मी मिठी मारली. दुसरा मार्गच ठेवला नव्हता मेल्यानं. आग माझ्या घड्यांत शिरत होती आणि आतून ते कोवळं अंग थरथरत होतं. माझी वीण मी इतकी घट्ट कधीच धरली नव्हती. वारा आत जाऊ दिला नाही. एवढंच मला येत होतं, तेवढं मी केलं.

तोवर ड्वेननं बागेतली पाण्याची नळी ओढून आणली आणि पेटलेले भारे विझवले. तेवढ्यात लव्होनची गाडी आली. ती हातातलं भांडं छातीशी धरून धुरात उभी राहिली.

"पोर कुठाय?"

माझ्या आतून आवाज आला, "आजी, मी हिच्यात आहे. माझा झगा गेला."

पिंढरीवर एक फोड, केसांची टोकं करपलेली, बाकी कोट आणि जीननं सांभाळलं. वेंडेलचे दोन्ही हात मात्र पोळले. लव्होननं भांडं खाली ठेवलं आणि त्याचे हात नळीच्या पाण्याखाली धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडेलनं मला गवतावरून उचललं. त्याच्या हातांना पट्ट्या होत्या. माझा खालचा भाग नव्हताच, वेलीची निळी पानं थोडी उरली होती, सगळ्या अंगाला जळका वास. त्यानं मला उजेडात धरलं, मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळूच विचारलं, "आई, हिचं आता काय करू? टाकून देऊ का?"

लव्होननं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मला काय विचारतोस? तिला विचार."

तो तसाच दारात उभा राहिला, मला दोन्ही हातांत घेऊन. त्याचे डोळे भरून आले होते. त्याला ऐकू जावो न जावो, मी मोठ्यानं बोलले.

"वेंडेल, टाकायचं तर टाक, पण आधी ऐक. तू हाताचा कसबी आहेस. आळशी नाहीस, दुष्ट तर नाहीसच. पोरीसाठी आगीत हात घातलास, म्हणजे भित्राही नाहीस. तू फक्त चुकीच्या गोष्टीला भ्यालास. शेजारी काय म्हणतील याला भ्यालास आणि पायाशी पेटलेल्या ज्योतीला भ्याला नाहीस. घरात पैसा नसला तर दार साधं ठेवावं, भोपळा एकच ठेवावा, पण तुझी नजर त्या दारात असावी. लोक हसले तर हसू देत. हसण्यानं आजवर कुणाचं लेकरू भाजलेलं नाही."