मलम, गोळी की लेझर

अट्रॅक्टाने किटलीवरची लोकरीची टोपी काढली आणि चहा ओतायला घेतला, तसा तिच्या नवऱ्याने, मॅलकीने, कपावर हात ठेवला.

"आधी निवू दे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, कढत चहा बंद."

"या घरात आजवर कुणी गार चहा प्यायलेला नाही! तुझी आई वरून बघतेय हं."

"बघू दे. तोंड माझं लाल होतं, तिचं नाही."

मेयो परगण्याच्या किनाऱ्यावर वाऱ्यापावसात टपाल वाटता वाटता मॅलकीला पस्तीस वर्षं झाली होती आणि जवळजवळ तितकीच वर्षं त्याचं नाक आणि गाल लालबुंद होते. घोटभरही न घेता बिचारा गावात पिदाडा ठरला होता. दारू न पिण्याच्या शपथेचा बिल्ला कोटावर लावून तो निघाला की लोक एकमेकांना कोपरखळ्या मारत. आज पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या चेहऱ्याकडे बघून न हसता त्या लालीचं नाव सांगितलं होतं. रोझेशिया. कातडीला आणि तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांना येणारी सूज. मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहते. त्या बाईंचे आभार कसे मानावेत तेच त्याला कळलं नव्हतं. दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून तो नुसताच उभा राहिला होता.

अट्रॅक्टाने चष्मा लावला आणि डॉक्टरीणबाईंचा कागद वाचायला घेतला.

"मलम, दिवसातून दोनदा. नाहीतर कमी ताकदीची गोळी, रोज एक. नाहीतर गॉलवे शहरात जाऊन लेझर..."

पुढची ओळ तिने मोठ्याने वाचली नाही. मॅलकीने वाकून बघितलं. 'हा आजार दारूमुळे होतो हा गैरसमज आहे. थेंबही न घेणाऱ्यांना तो होतो.'

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझ्या बाबांच्याही कोटावर बिल्ला होता," ती म्हणाली. "आणि बाटली गवताच्या गंजीत."

"माहीत आहे."

"तू रोज घरी आलास की मी दारात तुझा कोट काढून घेते ना..."

"आणि खुंटीला अडकवण्याआधी हुंगतेस. लग्न झाल्यापासून."

अट्रॅक्टाला रडू फुटलं.

"मग कधी बोलला का नाहीस?"

राग आला होता, नाही असं नाही. पहिली चार-पाच वर्षं तर फारच. पण हिला रोज वाटायचं की आज हा सापडणार, आणि तरी रोज संध्याकाळी ही त्याची वाट बघत दारात उभी असायची. हे लक्षात आलं तेव्हा त्याचा राग निघून गेला होता.

"भरवसा नसतानाही राहिलीस," तो म्हणाला. "तुझे उपकार फेडायचे तरी कसे, तेवढं सांग."

तिने ॲप्रनला नाक पुसलं आणि कागद पुन्हा उचलला.

"यातलं काय घेणार आहेस? गोळी बरी. एक गिळली की झालं."

"मलम."

"दिवसातून दोनदा? तुला धड दाढी करता येत नाही. आरशात बघून लावायला जमणार आहे का?"

"नाही," मॅलकी म्हणाला, आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून त्याने डोळे मिटले.