एकही खिळा दिसता कामा नये

बायकोने मागितलं होतं एवढंच, की मागच्या दाराबाहेर टेकायला जागा हवी. दार उघडलं की दोन उंच पायऱ्या आणि खाली माती, तिच्या गुडघ्यांना ते जमेनासं झालं होतं. संध्याकाळी पाय सोडून बसावं, चहा प्यावा, शेजारच्यांच्या दोरीवर काय वाळत पडलंय ते बघावं, इतकी साधी हौस. एखाद्या सरळ डोक्याच्या नवऱ्याने चार फळ्या आणून ठोकल्या असत्या आणि उरलेला रविवार झोपून काढला असता. पण हिच्या वाट्याला आला होता धाकटा.

धाकटा हे काही त्याचं नाव नव्हे. पण घरात थोरला भाऊ जबरदस्त असला की दुसऱ्याला नावाची गरजच उरत नाही. केस पिकले, नोकरी संपली, नातवंडं झाली, तरी हा आपला धाकटाच. तर या धाकट्याने डेक बांधायचा ठरवला. ओटा म्हटलेलं त्याला चालायचं नाही. डेक! आणि पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून त्याने जाहीर केलं, "एकही खिळा दिसता कामा नये. स्क्रू नाही, खिळा नाही, भोकसुद्धा नाही."

"मग फळ्या काय तुमच्या धाकाने जागेवर बसणार?" बायकोने विचारलं.

"अगं, छुप्या क्लिपा असतात. फळीच्या कडेला खाच पाडायची. क्लिप त्या खाचेत शिरते, तिचा स्क्रू खालच्या तुळईत जातो आणि शेजारची फळी येऊन सगळं झाकून टाकते. वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही."

"आणि वरून बघणारा कोण आहे, ते मला चांगलं ठाऊक आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

वरून बघणारा म्हणजे दादा.

दादाने उभा जन्म एका कारखान्यात तपासनीस म्हणून काढला होता. समोर आलेल्या वस्तूत खोट शोधायची, हेच त्याचं काम. निवृत्तीला वर्षं लोटली, पण शर्टाच्या खिशातली स्टीलची छोटी पट्टी काही सुटली नाही. लग्नाला गेला तरी मांडवाचा खांब ओळंब्यात आहे का ते बघून मगच जेवायला बसायचा. धाकट्याने पोरवयात पुस्तकांचं कपाट केलं, तर दादा म्हणाला, "डावीकडे कललंय." स्टूल केलं, तर "यावर बसायचंय की चढायचंय?" नातवासाठी झोपाळा केला, तर दादाने दोरी नुसती ओढून बघितली आणि म्हणाला, "पोराचा विमा काढलाय ना?"

आता असल्या भावाचं तोंडसुद्धा बघू नये कुणी. पण ते काही धाकट्याला जमण्यासारखं नव्हतं. वडील गेले तेव्हा हा शाळेत होता. पुढे याची फी, याच्या चपला, पहिल्या मुलाखतीचा शर्ट, तापात उशाशी बसणं, सगळं दादानेच केलं. फक्त तोंडाने एकदा 'छान' म्हणायचं तेवढं राहून गेलं. आणि आता दादा घर आवरून मुलीकडे कायमचा राहायला निघाला होता. ती राहायची इतकी लांब, की या वयात परत येणं होणार नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. जाण्याआधी दोन दिवस तो धाकट्याकडे येणार होता. म्हणजे हीच शेवटची परीक्षा. या खेपेला पास व्हायचं, नाहीतर जन्मभराचा नापास.

मग काय विचारता! धाकट्याने मागचं अंगण डोक्यावर घेतलं. आधी खालचा तुळयांचा सांगाडा, मग प्रत्येक तुळईवर रबरी पट्टी, पाणी मुरू नये म्हणून. सांगाड्याला भिंतीपासून किंचित उतार, इतका किंचित की पाण्याला कळावा पण माणसाला कळू नये. फळ्यांच्या कापलेल्या तोंडांना मेण. दोन फळ्यांमधली फट सगळीकडे सारखी हवी म्हणून त्याने बायकोचा चपटा कालथा पळवला आणि तोच फटीत घालून माप घेऊ लागला. बायकोने महिनाभर चमच्याने पोळ्या उलटल्या आणि जो भेटेल त्याला हे सांगितलं. चारी बाजूंनी चौकट अशी घातली, की कोपऱ्यावर दोन फळ्या तिरक्या कापून एकमेकींना भिडल्या आणि त्यात कागद शिरेना. एक कोपरा तर त्याने इतक्या वेळा कापला, की शेवटी ती फळीच आखूड पडली आणि नवी आणावी लागली.

सगळ्यात छळलं शेवटच्या फळीने. एका बाजूला क्लिप बसली, पण दुसऱ्या बाजूला पुढची फळीच नाही, मग झाकणार कोण? कुणीही शहाणा माणूस तिथे वरून दोन स्क्रू मारून मोकळा झाला असता. हा गडी डेकखालच्या चिखलात उताणा शिरला आणि खालून स्क्रू पिळत बसला. बाहेर नुसते पाय. शेजारी कुंपणापलीकडून ओरडला, "वहिनी, अहो, पाय कुणाचे ते?"

"आमच्याच घरातले आहेत," बायको म्हणाली. "वरचा भाग कधीच हातचा गेलाय."

पण खरं सांगायचं तर डेक झाला मात्र देखणा. एवढा गुळगुळीत, एवढा सलग, की बायकोसुद्धा पहिल्यांदा पाय ठेवताना चप्पल काढून उभी राहिली. अर्थात तोंडाने काही बोलली नाही. या घरात राहून तीही शिकली होती.

दादा आला. हातपाय धुतले, पाणी प्यायला आणि मागच्या दारात येऊन उभा राहिला. धाकटा शेजारी. दादा डेकवर उतरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. खिशातली पट्टी काढून फटी मोजल्या. पेन आडवं ठेवून ते घरंगळतं का ते पाहिलं. मग गुडघे टेकले, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक फळीला लागेल इतका वाकून पुढे पुढे सरकू लागला. मध्येच बोटाच्या पेराने टकटक करून ऐकलं. एक फळी धरून ओढूनही बघितली. धाकट्याचे कान आता 'पण' या शब्दाची वाट बघत होते.

दादा उठला. गुडघे झटकले. "काम झालं का सगळं?" त्याने विचारलं.

"झालं की. सगळं झालं."

दादाने त्याच्याकडे जरा वेळ टक लावून पाहिलं. "हं," म्हणाला आणि आत गेला.

एवढंच? कोपरा नाही, उतार नाही, फट नाही? एक खोट नाही, पण कौतुकही नाही! धाकट्याला जेवण जाईना. दादा मात्र कधी नव्हे ते गोड बोलत होता. तब्येत कशी आहे म्हणाला. झोप लागते का म्हणाला. डॉक्टरकडे शेवटचा कधी गेला होतास म्हणाला. मग हळूच विचारलं, "तुझी अवजारं कुठे ठेवतोस रे?" धाकट्याला वाटलं, आता गाडी रुळावर आली. त्याने हौसेने कोठीत नेऊन हातोड्या, करवती, खिळ्यांचे डबे, सगळं उघडून दाखवलं. दादा मान डोलावत राहिला, पण डेकचा विषय काही निघाला नाही.

ताटं उचलताना बायको कुजबुजली, "अहो, सांगून टाका ना एकदा, की आत क्लिपा आहेत म्हणून."

"सांगितलं तर मग छुपं कसलं? त्याचं त्याला कळायला हवं."

"धन्य आहे तुमच्या घराण्याची! सगळंच छुपं. मायासुद्धा खालून पिळून बसवलेली."

सकाळी धाकट्याला जाग आली ती ठोकाठोकीने. आधी वाटलं, शेजारी काहीतरी करतोय. मग उमगलं की आवाज आपल्याच मागच्या दाराचा आहे, आणि तो तसाच अनवाणी धावला.

डेकवर दादा. अंगात बनियन, तोंडात खिळे, हातात धाकट्याचीच हातोडी. खडूची दोरी मारून त्याने तुळयांच्या सरळ रेषा आखल्या होत्या आणि त्या रेषांवर, प्रत्येक फळीत दोन, असे खिळे ठोकत तो पार दुसऱ्या टोकाला पोचला होता. सगळ्या डेकवर चकचकीत डोकी, जणू कुणी फुटाणे सांडलेत.



"झोप झाली?" दादाने तोंडातले खिळे काढले. "अरे, फळ्या नुसत्या मांडून ठेवल्या होत्यास! एक स्क्रू नाही, एक खिळा नाही. आत्ता ओलीने फुगून घट्ट बसल्यात, पण उन्हाने आकसल्या की सुटतील. तुझ्या बायकोचे गुडघे हे असले दुखरे. पडली असती म्हणजे?"

"दादा, अरे..."

"काल बोललो नाही तुला. म्हटलं, वय झालं, विसरला असेल. जन्मभर बोलतच आलोय, आता जाताजाता कशाला बोलायचं. रात्री डोळ्याला डोळा नाही लागला माझा. म्हटलं, निघायच्या आधी आपणच करून टाकू."

मागून बायको दारात आली. तिने एकदा खिळे पाहिले, एकदा नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि तोंड उघडलं. आज ती सगळं सांगणार होती, क्लिपा, चिखल, कालथा, सगळं. धाकट्याने पाठीमागे हात करून तिला गप्प केलं.

कारण तेवढ्यात त्याचं लक्ष दादाच्या पायाकडे गेलं होतं. डावा पाय दादा कोपऱ्यातल्या त्या तिरक्या सांध्यावर रोवून उभा होता, आणि मघापासून तो पाय त्याने जागचा हलवला नव्हता. टाचेखालून एका खिळ्याचं वाकडं डोकं डोकावत होतं. वाकलेला खिळा आडवा ठोकून लाकडात चेपलेला, भोवती हातोडीचे घाव. आयुष्यभर दुसऱ्याच्या खोटी काढणारा माणूस स्वतःची खोट टाचेखाली दाबून उभा होता. डाव्या हाताचा अंगठा काळानिळा झाला होता, तोही त्याने मुठीत लपवला होता.

केवढी संधी होती! एक वाक्य पुरलं असतं. सगळ्या कपाटांचं, सगळ्या स्टुलांचं उट्टं निघालं असतं. ते वाक्य धाकट्याच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"विसरलोच बघ मी," तो म्हणाला. "बरं झालं तू बघितलंस."

दादाचे खांदे सैल झाले. पाय न हलवताच त्याने सगळ्या डेकवर नजर फिरवली. "बाकी काम छान केलंयस," तो म्हणाला. "छानच."

बायको एकदम आत वळली आणि चहाचं भांडं जरा जास्तच आदळत ठेवलं. नाक तिचंही लाल झालं होतं, पण विचारलं असतं तर तिने वाफेवर ढकललं असतं.

दुपारी दादा निघाला. गाडीत सामान चढलं. निरोप म्हणजे या दोघांचं नेहमीचंच, दोघंही टायरमध्ये हवा पुरेशी आहे का ते बघत उभे. दार उघडून आत बसता बसता दादा थांबला. खिशातल्या पट्टीशी चाळा करत म्हणाला, "तो कोपऱ्यातला एक खिळा... जरा..."

"कुठला रे?" धाकटा म्हणाला. "मला तर काही दिसलं नाही."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. डोळे भरून आले तसं त्याने घाईघाईने गाडीचं दार ओढून घेतलं आणि काच खाली केली.

"नंबर वाढलाय तुझा," तो म्हणाला. "डोळे तपासून घे."